निनवे वाचले, म्हणजे देव चुकला का?

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारच्या उपासनेत बायबलमधले योनाचे पुस्तक वाचले जाते. जगभरच्या ज्यूंची ही प्रथा आहे, आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजाचीही. पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे. सबंध दिवस अन्नपाण्यावाचून काढणाऱ्या, आपल्या पापांची कबुली देणाऱ्या माणसांपुढे नेमके हेच पुस्तक उघडले जाते, कारण त्यात देव आपला जाहीर केलेला निर्णय मागे घेतो.

योना हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा. त्याने निनवे या अश्शूरी शहरात दिलेला संदेश मूळ हिब्रूत पाच शब्दांचा आहे. अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलथून पडेल. त्यात 'जर' नाही, 'नाहीतर' नाही, सुटकेची वाट दाखवलेली नाही. तरी शहर हादरते. राजा सिंहासनावरून उतरतो, गोणपाट नेसून राखेत बसतो. माणसांनीच काय, गुराढोरांनीही अन्नपाणी घ्यायचे नाही आणि प्रत्येकाने हातातला जुलूम सोडायचा, असा हुकूम निघतो. देव त्यांची कृती पाहतो आणि जे अरिष्ट आणीन म्हणाला होता ते आणत नाही. योना संतापतो, आणि त्याचा संताप पोरकट म्हणता येत नाही. संदेष्ट्याने देवाच्या नावाने सांगितलेले घडले नाही तर ते बोलणे देवाचे नव्हतेच, अशी कसोटी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (१८:२२) दिलेली आहे. योनाला चाळीस दिवस सांगायला लावले आणि निनवे उभेच राहिले. मग खोटे कोण पडले?

इथे पेच दिसतो तो असा. पहिला निर्णय बरोबर होता तर तो बदलणे चूक. दुसरा बरोबर असेल तर पहिला चूक. दोन्हींकडून देव कुठेतरी उणा पडतो. परिपूर्ण देवाला मन बदलता येत नाही, असे म्हणणारे श्रद्धावान आणि मन बदलणारा देव परिपूर्ण नाही, असे म्हणणारे नास्तिक दोघेही याच पेचावर उभे असतात. हा पेच खोटा आहे, असे माझे मत आहे. देवाचा निर्णय बदलू शकतो, आणि तो बदलतो ते त्याचा स्वभाव आणि हेतू बदलत नाहीत म्हणूनच. निनवेतली माणसे बदलल्यावरही ठरल्या दिवशी शहर उलथून टाकणारा देव ठाम दिसला असता, पण त्याला परिपूर्ण म्हणता आले नसते.

या पेचाचे मूळ बायबलमध्ये नाही, अथेन्समध्ये आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात युक्तिवाद येतो तो थोडक्यात असा: जे उत्तम असते त्याला बाहेरची कारणे सहजासहजी बदलवू शकत नाहीत, म्हणून देव बाहेरून बदलत नाही. तो आपणहून बदलला तर एकतर अधिक चांगला होईल किंवा अधिक वाईट. त्याच्यात काहीच कमी नसल्याने चांगला होणे शक्य नाही, आणि जाणूनबुजून वाईट कोण होईल? म्हणून देव बदलत नाही. प्लेटोचा रोख कुणावर होता हे लक्षात घेतले पाहिजे. वेषांतर करून माणसांना फसवणारे, लहर लागेल तसे वागणारे होमरच्या काव्यातले देव त्याला नको होते. तिथे त्याचे बरोबरच होते. पण त्याने प्रत्येक बदल एकाच शिडीवर बसवला: वर किंवा खाली. समोरची परिस्थिती बदलली म्हणून आपले उत्तर बदलणे हा बदल त्या शिडीवर बसतच नाही. काल निनवे जुलमी होते, तेव्हा रोष हेच योग्य उत्तर होते. आज त्यांनी जुलूम सोडला, तेव्हा दया हेच योग्य उत्तर झाले. उत्तरे दोन, न्यायबुद्धी एकच. वस्तुस्थिती बदलल्यावर उत्तर तेच ठेवले असते तर मात्र शिडीवरून घसरण झाली असती.

पुढे हा ग्रीक विचार धर्मशास्त्रात घट्ट रुजला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फायलो या ज्यू विचारवंताने बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, तो देव बदलत नाही हे दाखवण्यासाठी. ख्रिस्ती तत्त्वज्ञ बोएथियसने सहाव्या शतकात, तुरुंगात असताना, शाश्वतता म्हणजे अनंत जीवन एकाच वेळी सबंध हाती असणे, अशी व्याख्या केली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिला तर्काचे पक्के बांधकाम दिले. चर्चच्या धर्मसभा, म्हणजे १२१५ ची लॅटरन परिषद आणि १८७० ची पहिली व्हॅटिकन परिषद, दोन्हींनी देवाला अविकारी, म्हणजे न बदलणारा म्हटले. ही मंडळी उथळ नव्हती. देवाच्या शब्दावर भरवसा ठेवता आला पाहिजे, त्याचे प्रेम आज आहे आणि उद्या नाही असे होऊ नये, हे त्यांना जपायचे होते. मलाही तेच जपायचे आहे. फक्त त्यासाठी त्यांनी उभारलेली भिंत गरजेपेक्षा उंच झाली, असे मला वाटते.

आता मूळ वचनांकडे येऊ. 'देव मन बदलत नाही' आणि 'देवाने मन बदलले' अशी दोन्ही प्रकारची वचने बायबलमध्ये आहेत, आणि वाद घालणारे आपापल्या सोयीची उचलतात. असे वचन पुढे आले की ते कोण कुणाला म्हणतो आहे, ऐकणाऱ्याला काय हवे आहे, आणि पुढच्या दोन-चार ओळींत काय घडते, एवढे आधी पाहावे. बहुतेक घोळ इथेच मिटतो.

'देव मनुष्य नाही की त्याने खोटे बोलावे, की त्याने आपले मन पालटावे' या अर्थाचे गणना २३:१९ हे सर्वांत जास्त उद्धृत होणारे वचन. ते बलाम या द्रष्ट्याच्या तोंडी आहे. मवाबचा राजा बालाक याने इस्राएलाला शाप देण्यासाठी त्याला बोलावून आणलेले असते. सात वेद्या बांधल्या जातात, प्रत्येक वेदीवर एक गोऱ्हा आणि एक मेंढा. शाप निघत नाही. मग जागा बदलून पुन्हा सात वेद्या, नंतर तिसऱ्या ठिकाणी आणखी सात. एकूण एकवीस वेद्या, एकवीस गोऱ्हे, एकवीस मेंढे. वचन येते ते दुसऱ्या ठिकाणी. बालाकाला वाटते की बळींची संख्या वाढवली, जागा बदलली, की देव वळेल. त्याला दिलेले उत्तर आहे: वळणार नाही. इथे नाकारली आहे ती देवाला किंमत देऊन फिरवता येते ही समजूत.

पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय तर या प्रश्नाचा गाभाच आहे. अकराव्या वचनात देव स्वतः म्हणतो, शौलाला राजा केल्याचा मला अनुताप होतो. एकोणतिसाव्यात संदेष्टा शमुवेल शौलाला सांगतो, देव अनुताप पावत नाही, कारण तो मनुष्य नाही. पस्तिसाव्यात निवेदक पुन्हा सांगतो की देवाला अनुताप झाला. तिन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच. सहा वचनांपूर्वी काय लिहिले ते विसरण्याइतका हा लेखक वेंधळा नव्हता. मधल्या प्रसंगात काय आहे ते पाहावे. शौल 'मी पाप केले' म्हणतो खरा, पण लगेच त्याचे कारण पुढे करतो, लोकांच्या भीतीने केले. शमुवेल जायला वळतो तेव्हा शौल त्याच्या झग्याचा काठ धरतो, तो फाटतो. आणि शेवटचे मागणे काय? माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. एकोणतिसावे वचन या घासाघिशीला दिलेला नकार आहे. अकरावे आणि पस्तिसावे देवाच्या दुःखाबद्दल आहे. (याच अध्यायातला अमालेक्यांच्या संहाराचा हुकूम ही निराळी आणि फार जड अडचण आहे. ती या लेखात सुटत नाही, आणि सुटल्याचा आव आणणे मला मान्य नाही.)

'मी परमेश्वर बदलत नाही' हे मलाखी ३:६ असेच अर्धे उचलले जाते. पूर्ण वाक्य असे आहे की मी बदलत नाही, म्हणून याकोबाच्या मुलांनो, तुम्ही नष्ट झाला नाही. त्याच्या लगेच पुढचे वचन: माझ्याकडे परत या, म्हणजे मी तुमच्याकडे परत येईन. न बदलणारा देव परत येण्याची भाषा करतो, आणि लेखकाला त्यात विसंगती वाटत नाही. न बदलणे म्हणजे कराराला धरून राहणे. त्या धरून राहण्यातच परत येणे बसते. स्तोत्र ११०:४ मध्ये आणखी एक भेद दिसतो. परमेश्वराने शपथ वाहिली आहे आणि तो मन पालटणार नाही, असे तिथे म्हटले आहे. शपथपूर्वक दिलेले वचन मागे घेतले जात नाही. जाहीर केलेली शिक्षा मागे घेतली जाऊ शकते. दोन्हींना एकाच मापाने मोजले की वाचणाऱ्याचा गोंधळ ठरलेला.

या दोन गोष्टी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत ते निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात दिसते. इस्राएली लोकांनी सोन्याचे वासरू केले आहे. देव त्यांचा पुढारी मोशे याला म्हणतो, मला आता आडवू नकोस, मी यांना भस्म करतो आणि तुझेच मोठे राष्ट्र करतो. मोशे तीन मुद्दे मांडतो. हे तुझे लोक आहेत, तूच त्यांना मिसरातून बाहेर आणलेस. मिसरी लोक म्हणतील, डोंगरात मारायलाच यांना नेले. आणि अब्राहाम, इसहाक व इस्राएल यांना तू स्वतःची शपथ घेऊन वचन दिले आहेस. लोक निर्दोष आहेत, असे मोशे एकदाही म्हणत नाही. तो देवाच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवतो. चौदाव्या वचनात देव अरिष्टाचा विचार सोडून देतो. म्हणजे निर्णय बदलवणारा सर्वांत भक्कम मुद्दा होता न बदलणारी शपथ. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात (बेराखोत ३२अ) या प्रसंगावर एक धीट भाष्य आहे: माणूस दुसऱ्या माणसाचे वस्त्र धरतो तसे मोशेने देवाला धरले, आणि क्षमा केल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. 'मला आडवू नकोस' या बोलण्यातच आडवायला जागा ठेवलेली होती, हे त्या रब्बींनी ओळखले.

मात्र अध्याय तिथे संपत नाही. पुढे त्याच दिवशी सुमारे तीन हजार माणसे मारली जातात, आणि शेवटच्या वचनात लोकांवर पीडा येते. सबंध राष्ट्र नष्ट करण्याचा निर्णय मागे घेतला गेला, सगळे परिणाम पुसले गेले नाहीत. 'देवाने मन बदलले' याचा अर्थ 'काही झालेच नाही' असा लावणारे प्रवचनकार चौदाव्या वचनावरच थांबतात.

योनाच्या संदेशात न सांगितलेली अट नियम म्हणून संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकात (१८:७-१०) स्पष्ट लिहिलेली आहे. एखाद्या राष्ट्राला मी उपटीन, पाडीन म्हणालो आणि ते वाईटापासून फिरले, तर मीही फिरेन. एखाद्याला बांधीन, लावीन म्हणालो आणि ते वाईटाकडे वळले, तर ठरवलेल्या भल्यापासूनही फिरेन. नियम दोन्ही बाजूंनी चालतो, हे विसरता कामा नये. दया दाखवण्यापुरते मन बदलणारा आणि आशीर्वादाच्या बाबतीत डोळे मिटून घेणारा देव यिर्मयाला माहीत नव्हता.

हा नियम नुसता उपदेश नव्हता, त्याने एक जीव वाचवला. यहूदाच्या राज्यात यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, इसवी सनापूर्वी ६०९ च्या सुमारास, यिर्मयाने मंदिराच्या अंगणात उभे राहून सांगितले की हे मंदिर शिलो या जुन्या उपासनास्थानासारखे उजाड होईल. याजक आणि संदेष्टे यांनी त्याला धरले, मरणदंड मागितला. प्रकरण सरदारांपुढे गेले. तेव्हा देशातल्या काही वडीलधाऱ्यांनी उठून शंभरएक वर्षांपूर्वीचा दाखला दिला. मीखा या संदेष्ट्यानेही म्हटले होते की सियोन, म्हणजे यरुशलेमेची टेकडी, शेतासारखी नांगरली जाईल आणि यरुशलेमेचे ढिगारे होतील. हिज्कीया राजाने त्याला मारले का? उलट राजाने देवाचे भय धरले, विनवणी केली, आणि देवाने ते अरिष्ट आणले नाही (यिर्मया २६:१७-१९). मीखाचे भाकीत फसले, असे त्या सभेत कुणीही म्हणाले नाही. ते यशस्वी झाले, कारण ऐकणारे बदलले. हा दाखला मिळाला आणि शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला, म्हणून यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया नावाचा दुसरा संदेष्टा आहे. त्याला मिसरातून पकडून आणून तलवारीने मारले. 'अनुवाद'मधली कसोटी शब्दशः लावली असती तर मीखा खोटा ठरला असता, आणि त्याचा दाखला यिर्मयाच्या कामी आला नसता. पुढे ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलेच, आणि निनवे तर ६१२ मध्येच बाबेली व मेदी फौजांपुढे पडले होते. मुदत मिळाली होती, कायमची सूट नव्हे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. देवाला सगळे आधीच ठाऊक आहे. मग निनवे फिरणार हेही त्याला ठाऊक होते. तसे असेल तर मन बदलणे कसले? चाळीस दिवसांची घोषणा हे नाटकच झाले.

अक्वायनसचे उत्तर असे, की इच्छा बदलणे वेगळे आणि बदलाची इच्छा करणे वेगळे. आज हे आणि उद्या ते घडावे, अशी एकच न बदलणारी इच्छा असू शकते. प्रार्थनेबद्दलही तो म्हणतो की आपण देवाची योजना बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही, प्रार्थनेनेच मिळावे असे जे त्याने योजले आहे ते मिळावे म्हणून करतो. हे उत्तर फार चांगले आहे. निनवेला आणि यिर्मयाच्या नियमाला ते पूर्ण पुरते. अट आधीपासून होती, अट पूर्ण झाली, निकाल त्याप्रमाणे लागला.

पण ते उत्पत्तीला पुरत नाही. सहाव्या अध्यायात देव पाहतो की माणसाच्या मनातले सगळे विचार नेहमी वाईटच असतात. माणूस निर्माण केल्याचा त्याला अनुताप होतो, मनात दुःख होते, आणि जलप्रलय येतो. आठव्या अध्यायात प्रलय ओसरतो, नोहा होम करतो, आणि देव मनाशी म्हणतो की मी पुन्हा भूमीला शाप देणार नाही, कारण माणसाच्या मनातले विचार बालपणापासून वाईटच असतात (८:२१). प्रलयासाठी दिलेले कारण आणि प्रलय पुन्हा न करण्यासाठी दिलेले कारण एकच आहे. इथे माणसे सुधारलेली नाहीत. कुठली अटही पूर्ण झालेली नाही. बदलली ती माणसांच्या दुष्टपणाला तोंड देण्याची देवाची रीत. समोरचा बदलला म्हणून देवाचे उत्तर बदलले, हे माझे प्लेटोला दिलेले उत्तरही इथे अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. निनवे हे सोपे उदाहरण आहे. कठीण उदाहरण नोहाचे आहे.

१९९४ साली ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ क्लार्क पिनॉक आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी इथे धाडसी वाट धरली. माणसाची स्वतंत्र कृत्ये घडण्याआधी जाणण्यासारखी नसतातच, म्हणून भविष्य देवालाही काही अंशी खुले आहे, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीत यावर इतके वादळ उठले की २००३ मध्ये पिनॉक आणि जॉन सँडर्स यांना काढून टाकावे का, यावर मतदान झाले. काढून टाकण्यासाठी लागणारी दोन-तृतीयांश मते दोघांच्याही विरोधात पडली नाहीत. या मंडळींनी उत्पत्तीचा सहावा अध्याय प्रामाणिकपणे वाचला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तरी त्यांनी मोजलेली किंमत मला आवश्यक वाटत नाही. एखादे दुःख येणार हे आधी माहीत असले, तरी ते येते तेव्हा दुःख होतेच. माहीत असणे आणि भोगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुताप म्हणजे आपली चूक कळणे, हा अर्थ आपण माणसांच्या अनुभवावरून देवावर लादतो. उत्पत्ती ६:६ मध्ये अनुतापाच्या जोडीला चूक नाही, मनातले दुःख आहे. आणि ८:२१ मध्ये तेच दुःख पोटात घालून, माणूस आहे तसाच राहणार हे जाणून, देव स्वतःवर बंधन घालून घेतो. ज्याच्या दुष्टपणाने एकदा प्रलय आणला त्याच्याच दुष्टपणासह पुढे चालायचे ठरवणे, याला मी उणीव म्हणू शकत नाही. आणि यात नाटक नाही, कारण रोष त्या वेळी खरा होता आणि संयमही त्या वेळी खराच आहे.

अक्वायनसशी माझे बिनसते ते इथे. देव आणि जग यांचे नाते खऱ्या अर्थाने जगाच्याच बाजूला असते, हे सांगताना तो खांबाचे उदाहरण देतो. खांब प्राण्याच्या उजवीकडे आहे की डावीकडे, हे प्राण्यावर ठरते, खांबात काही घडत नाही. त्याच्या चार-पाच शतके आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्र २.१.३४ च्या भाष्यात, देवावर पक्षपाताचा आणि क्रूरपणाचा दोष येत नाही हे दाखवताना, पर्जन्याचा दृष्टांत दिला. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, भात आणि जव यांतला फरक बियाण्याचा. विषमतेच्या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे. पण दोन थोर विचारवंतांनी निवडलेले दोन्ही दृष्टांत ऐकू न येणाऱ्या वस्तूंचे आहेत. खांबाला हाक ऐकू येत नाही, पावसाला गाऱ्हाणे कळत नाही. मोशे ज्याच्याशी बोलला त्याने मोशेचा तिसरा मुद्दा ऐकून घेतला होता. ऐकणे आणि ऐकून वळणे हा परिपूर्णतेचाच भाग धरला नाही, तर परिपूर्णता ही निर्जीव वस्तूंनाच साधणारी गोष्ट ठरते.

या सगळ्याचा रोजच्या आयुष्याशी थेट संबंध आहे, कारण माणसे आजारपणात, संकटात प्रार्थना करतात आणि त्या वेळी त्यांना काही ना काही सांगणारे लोक भेटतात. हिज्कीयाला संदेष्टा यशयाने सांगितले होते की तू मरणार, घराची व्यवस्था लाव. राजा भिंतीकडे तोंड करून रडला. यशया राजवाड्याचे मधले अंगण ओलांडण्याआधीच त्याला परत पाठवले गेले, की पंधरा वर्षे वाढवली. या गोष्टीवर अनेक प्रवचने होतात. त्या पंधरा वर्षांत जन्मलेला मनश्शे बाराव्या वर्षी गादीवर आला आणि त्याने पंचावन्न वर्षे राज्य केले, आणि राजांच्या पुस्तकाच्या मते यहूदावरच्या अरिष्टाचे खापर त्याच्याच कारकिर्दीवर फुटते, हे त्या प्रवचनांत सहसा येत नाही. दावीद राजाने आपल्या तान्ह्या मुलासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपवास केला. मूल सातव्या दिवशी गेले. सेवकांनी विचारल्यावर तो म्हणाला, मला वाटले, कोण जाणे, परमेश्वर दया करील. निनवेचा राजाही नेमके हेच म्हणतो: कोण जाणे, देव वळेल. एकाला हवे ते मिळाले, एकाला मिळाले नाही. आणि यिर्मयाच्या पंधराव्या अध्यायात तर देव म्हणतो की मोशे आणि शमुवेल माझ्यापुढे उभे राहिले तरी मी या लोकांकडे वळणार नाही, वळून वळून मी थकलो.

म्हणून 'इतके दिवस उपवास करा, इतके अर्पण द्या, काम होणारच' अशी हमी देणारा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, बालाकाच्या वेद्यांच्या रांगेत उभा आहे. त्याच्याकडून पावती फाडणाऱ्याला कुणीतरी हे सांगायला हवे. तितकीच क्रूर आहे ती उलटी बाजू: मूल वाचले नाही, म्हणजे तुमची प्रार्थना कमी पडली. दावीदाची प्रार्थना कमी पडली, असे शमुवेलाचे पुस्तक म्हणत नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे, तेव्हा येशूने दोन्ही नाकारले (योहान ९:३). मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात (तानित २:१) उपवासाच्या दिवशी वडीलधाऱ्याने लोकांना जे सांगायचे ते ठरवून दिले आहे: बंधूंनो, देवाने निनवेकरांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे लिहिलेले नाही, देवाने त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. प्रार्थनेबरोबर हातातला जुलूम सुटला का, हा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. दुसऱ्याच्या दवाखान्यातल्या खाटेशी उभे राहून तो विचारायचा नसतो.

भूकंप, पूर, साथ येऊन गेली की 'हा देवाचा निर्णय होता, त्यांच्या पापांचा' असे सांगणारेही पुढे येतात, आणि ते संदेष्ट्यांची वचने वापरतात. संदेष्ट्यांची घोषणा अरिष्टाआधी होत असे, ज्यांच्याबद्दल ती होती त्यांच्याच तोंडावर होत असे, आणि तिच्यात बदलायला मुदत असे. निनवेला चाळीस दिवस होते, मीखाच्या श्रोत्यांना तर पिढ्या मिळाल्या. मेलेल्यांबद्दल मागाहून केलेल्या घोषणेत यांतले काहीच नाही. ती ऐकून कुणीही बदलू शकत नाही, म्हणून देवाने मन बदलण्याची शक्यताही तिच्यात उरत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक दोषी होती का, असे येशूने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, नाही. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि पश्चात्ताप तुम्ही करा म्हणाला. त्याला लागूनच त्याने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. तीन वर्षे फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, आणि माळी म्हणतो, धनी, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.